टोकाची बाभूळ

१६ मार्च १९४३
येरमाळ्याला मोटारीतून उतरलो आणि बैलगाडीनं दुपारी डोंगरावर पोचलो. जागा पाहूनच मन हरखलं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी बांधांच्या ताली, तालींवर बाभळी, मधल्या पट्ट्यांत ज्वारी-तुरीची धसकटं. सगळा डोंगर महालिंगप्पांचा. बाभळीच्या शेंगा ते शेळ्यामेंढ्यांसाठी विकतात. कोणत्या उंचीवर, कोणत्या मातीत, किती वाऱ्या-पाण्यात झाडाला किती शेंग धरते ते दोन महिने मोजायचं, हे माझं काम. अहवाल पसंत पडला तर नोकरी कायम आणि राहायला दोन खोल्या. मग उमाला वाशीहून आणीन. लग्नाला तीन वर्षं झाली, बिचारी अजून माहेरीच आहे.

आकडीनं शेंगा पाडायला कोंडाबाई नावाची धनगर म्हातारी दिली आहे. कमी बोलते, हात मात्र भरभर चालतो.

२८ मार्च
हिशेब जुळत होता. पायथ्याच्या काळ्या मातीत झाडामागं वीस शेर शेंग. मधल्या भरड उतारावर तेरा. माथ्यावर वीतभर मुरूम, पाणी ठरत नाही, वाऱ्यानं फुलोरा झडतो, म्हणून सहाच. पण अगदी टोकाच्या बाभळीची शेंग आज तोलली तर एक्केचाळीस शेर भरली! तीनदा तोलली.

त्या झाडाखाली कोंडाबाई येत नाही. कारण विचारलं तेव्हा बोलली. पाच सालांमागं दुष्काळात तिचा लेक बिरदेव शेळ्यांसाठी इथल्या शेंगा झोडायला आला होता. शेळ्या आपल्या आपण घरी आल्या, एकीच्या गळ्यातली घंटा नव्हती; तो आला नाही. महालिंगप्पा सांगतात, सोलापूरच्या गिरणीत पळाला.

३ एप्रिल
माती बघावी म्हणून टोकाच्या बाभळीखाली कुदळ मारली. हातभर खाली मुरूम संपला आणि काळीभोर, ओलसर माती लागली. मग शेळीची घंटा. मग माणसाचा जबडा. त्यात एकही दात नव्हता.

महालिंगप्पांना बोलावलं. ते खड्ड्याकडं बघत शांतपणे म्हणाले, पोरगं उलट बोललं, गड्यांनी जरा जास्त मारलं, तोंडावर मारलं. मग म्हणाले, अहवालात लिहा की टोकावरचा वारा झाडाला मानवतो. आणि खोल्यांच्या किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

मी खड्डा बुजवला.

४ एप्रिल
सकाळी कोंडाबाई दारात उभी होती. कुदळीला लागलेली काळी माती तिनं पाहिली होती.

"सायेब, तिथं माझा बिरू हाय का? खरं सांगा."

मी म्हणालो, शेळीची हाडं आहेत.

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. "बरं. तुमी शिकलेली मान्सं. तुमच्या तोंडचं म्या खरं मानते."

उमाला पत्र टाकलं, ये म्हणून.

१२ एप्रिल
भर दुपारी पानही हलत नसताना टोकाची बाभूळ खुळखुळत होती. फक्त तीच. आज तिची शेंग फोडली. मण्यामण्यांच्या त्या शेंगेत बी नव्हतं. दात होते. माणसाचे. दुसरी फोडली, तिच्यातही. एकेका शेंगेत आठ-नऊ.

पोतं तसंच महालिंगप्पांकडं नेलं. ते हसले. त्यांना साध्या बियाच दिसल्या. एक उचलून त्यांनी दाताखाली फोडलीसुद्धा.

१५ एप्रिल
महालिंगप्पा गेले. सकाळी टोकाच्या बाभळीखाली बसलेले सापडले, पाठ खोडाला टेकून. वैद्यानं त्यांचं तोंड उघडलं. दात नाहीत. हिरड्यांत ओळीनं बाभळीच्या बिया रुतलेल्या, घशापर्यंत. गडी पळाले. मलाही जायचं आहे, पण गाडीवान डोंगर चढायला तयार नाही आणि येरमाळा पायी फार लांब.

१६ एप्रिल
तोंड धुताना पुढचा दात हातात आला. रक्त नाही. दुखलंही नाही. जागा चाचपली तर काहीतरी टणक — गोल —

१७ एप्रिल
आणखी पाच. कळलं मला. ज्या तोंडानं मी तिला —

कोंडाबाईकडं गेलो. खरं सांगणार होतो. तोंड उघडलं, नुसता खुळखुळाट. शेंग हलवल्यासारखा. ती मागं सरली. पाटीवर लिहून दाखवलं. तिला वाचता येत नाही.

जमत नसेल तर दाखवीन. उकरून दाखवीन.

१८ एप्रिल, दुपार
टोकावरच बसून लिहितो आहे. सगळी हाडं वर काढली. पायाशी ओळीनं मांडली. घंटाही. मला निघता येत नाही — मुळ्या — गुडघ्यापर्यंत आल्या आहेत, कुदळीनं तोडतो, पुन्हा येतात —

घंटा वाजवली, त्या आवाजानं कोंडाबाई आली. घंटा ओळखली तिनं. खाली बसली. रडली नाही. एकेक हाड पदरात घेते आहे. जबडा गालाला लावला.

मी हात जोडले. कुदळ तिच्याकडं ढकलली. तिनं पाहिलं — मुळ्या, माझं तोंड, सगळं पाहिलं. म्हणाली, "शेळीची हाडं हायती, सायेब. घिऊन जाते."

पदर खोचला. निघाली. उतारावर फक्त डोकं दिसतं आहे —

कमरेपर्यंत — ओरडायला तोंड उघडलं, वहीवर बिया सांड