बॅगेतला कोरडा स्वेटर

३ मे, रविवार
संदीप सकाळीच तीर्थपुरीहून आला. मोसंबीची पिशवी किचनमधे ठेवली अन् सगळे गरम कपडे पलंगावर ओतले. १८ ला हिमालयात ट्रेकला निघायचंय. बाहेर बेचाळीस, कूलर गरम हवा फेकून राह्यला, अन् हा दोन स्वेटर चढवून आरशासमोर.
"दाजी, तुम्ही सांगाल ते घेतो. तुम्ही सोबत असले की मला टेन्शन न्हाई."
रेखा खुश. एकुलता भाऊ तिचा.
मागच्या वर्षीही मीच सांगितल्तं. मे महिना आहे, सुती शर्ट अन् वरून एक जाकीट बास. माझ्या भरवशावर जीन्स घालून आल्ता. खिंडीखाली गारा, मंग बर्फाचा पाऊस. त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत. कधी बोलून दाखवलं न्हाई त्यानं.

६ मे, बुधवार
ऑफिस सुटल्यावर बाजारात. गरम इनर मागितले तर दुकानदार माझ्याकडं बघतच राह्यला. "साहेब, दिवाळीनंतर या." शेवटी माळ्यावरच्या गठ्ठ्यातून दोन जोड काढून दिले. डांबराच्या गोळ्यांचा वास.
यादी केली. आत – इनर (सुती बिलकुल न्हाई, ओलं झालं की वाळत न्हाई). मधे – लोकरीचं. वर – वारा-पाणी अडवणारं. शिवाय एक जोड कोरडा, प्लॅस्टिकमधे बांधून.
हे शेवटचं लिहिताना...

९ मे, शनिवार
तीर्थपुरीला गेल्तो. सासूबाईंनी शेजारणीला बोलावून दाखवलं मला. "ह्या जावयानं पाठीवर घालून आणला माझा लेक." शेजारीण पाया पडली. मी ताटाकडं बघत बसलो. दोन घास गेले न्हाईत.
आता लिहूनच टाकतो.
त्या दिवशी माझ्या बॅगेत कोरडा स्वेटर होता. मोजेपण. पिशवीत बांधून, तळाशी. गारा थांबल्या तवा संदीपचे दात वाजून राह्यल्ते. त्यानं विचारलं, "दाजी, कोरडं काही हाय का?"
मी म्हणलो, "न्हाई."
रात्री मला लागंल, एवढंच डोक्यात होतं. मीपण भिजल्तो, मीपण भ्याल्तो. पण स्वेटर होता.
अर्ध्या तासानं तो बरळायला लागला, मळ्यातल्या मोटारीचं काहीतरी. मंग पाठीवर घेतला. खाली तंबूत पोचल्यावर बॅगेतून स्वेटर काढून त्याला घातला अन् सगळ्यांना सांगितलं, घोडेवाल्यानं दिला.
पाठीवर आणला हे खरं आहे. तेवढंच सगळे सांगतात.

१४ मे, गुरुवार
रेखाशी वाजलं. संदीपची बॅग मी भरली. तीन इनर, दोन लोकरी, दोन जाकिटं, चार जोड मोजे. तिनं उचलून बघितली.
"एवढं ओझं घेऊन चढंल का तो? घामानंच भिजंल आतून."
बराबर बोलली. पण मी ओरडलो तिच्यावर.
"तुम्हाला कशाची भीती वाटून राह्यली?" एवढंच विचारलं तिनं.
अर्धं काढलं. परत भरलं. परत काढलं.

१८ मे, सोमवार, गाडीत
भुसावळ गेलं. ठरवून आल्तो, गाडीत सांगायचं. संदीप मोसंबी सोलून देत होता, समोरच्या बाईला, तिच्या पोरीला, मला. बागेचं बोलत होता. मधे म्हणला, "गेल्या साली तुम्ही नसते तर..." अन् थांबला.
मी बाटली भरायला उतरलो. भरलेलीच होती.

२१ मे, गुरुवार, बेस कॅम्प
गाईडनं सगळ्यांचे कपडे बाहेर काढायला लावले. एकेक बघून, ये रखो, ये छोडो. संदीपचे बराबर निघाले, काहीच काढलं न्हाई. शाबासकी दिली. संदीप म्हणला, दाजीने सिखाया. मंग गेल्या सालचं सांगत बसला. "इनके पास भी कुछ सूखा नहीं था, फिर भी मुझे उठाके लाए."
मी म्हणलो, "होता. माझ्याकडं कोरडा स्वेटर होता. तू विचारलं तवा पण होता."
मराठीत बोललो. गाईडला कळलं न्हाई, तो पुढच्या बॅगेकडं गेला.
संदीपनं माझ्याकडं बघितलं. कपड्यांच्या घड्या केल्या, बॅगेची चेन लावली, तंबूबाहेर गेला. जेवायला माझ्याशेजारी बसला न्हाई.

२२ मे, शुक्रवार
दिवसभर चढ. तो पुढं, मी मागं.
संध्याकाळी चहा घेऊन आला. उभ्यानंच विचारलं, "ताईला माहीत हाय का?"
"न्हाई."
"आईला सांगू नका. ती सगळ्यांना सांगत फिरती."
"अन् तू?"
कप ठेवून गेला. पाय किंचित ओढत चालतो तो, थकल्यावर. आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं, का मीच बघत नव्हतो.

२३ मे, शनिवार, खिंडीच्या अलीकडं, विसाव्याला
निघताना आभाळ निवळ होतं. आता वारा सुटलाय, ढग खिंडीत उतरून राह्यलेत. संदीप वीस पावलांवर दगडावर बसलाय. अंगात फक्त इनर अन् पातळ लोकरी. वरचं जाकीट बॅगेतच. मी सांगावं का? कोणत्या तोंडानं?
गेलो. म्हणलो, "जाकीट आताच घाल. भिजल्यावर उपयोग न्हाई."
तो खिंडीकडं बघत राह्यला. मंग म्हणला, "तुमच्या बॅगेत काय काय हाय ते आधी सांगा."
सांगितलं. एक इनर. एक स्वेटर. दोन जोड मोजे. कानटोपी. सगळे कोरडे. बॅग उघडून दाखवायला गेलो तर म्हणला, "उघडू नका. सांगा नुसतं."
परत सांगितलं, पहिल्यापासून.
त्यानं ऐकून घेतलं. जाकीट बाहेर काढलं, मांडीवर ठेवलं. अजून घातलं न्हाई. पहिले थेंब पडून राह्यलेत. गाईड हाक मारतोय.