हेमाअक्का, तुलाही झटका आला होता

पिंप्राळा, जळगाव
१८ मे २०२५

प्रिय हेमाअक्का,

नमस्कार. दाजींनाही सांग.

दोंडाईच्यातही असंच तापलंय का? इथं अंगणातली फरशी पाय टेकू देत नाही. सातवा महिना आहे, दुपारची बाहेर पडू नकोस. तुझ्या ओटीभरणाला येणार नाही, असं मी फोनवर तुटक बोलले, त्याचा राग धरू नकोस. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितेय.

भूमिकाची तब्येत आता बरी आहे. गेल्या आठवड्यात खेळता खेळता अंग तापलं आणि फिटचा झटका आला. नेहमीसारखा नाही, थांबेचना. डॉक्टरांनी दिलेला फवारा नाकात मारला, तरी हातपाय उडतच होते. ललित ओरडले, "रिक्षा आली, उचल तिला!" दवाखान्यात इंजेक्शनवर इंजेक्शन दिली, तेव्हा कुठे थांबला. शुद्धीवर आली, पण परक्या बाईकडे बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी "मम्मी, केळं" म्हणाली आणि मी वॉर्डातच रडले.

तिच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. दोष जनुकात आहे. मग आम्हा दोघांचं रक्त तपासलं. तो माझ्याकडून आलाय, अक्का.

"पण मला कधीच झटका आला नाही," मी म्हणाले.

"आईला विचारा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मायला भडगावला फोन लावला. ती सहज बोलून गेली, "तुले न्हानपने तापमा येल व्हता ना. हेमालेबी येल व्हता. मंग परत कधी उना नही." म्हणजे लहानपणी तापात आपल्या दोघींनाही झटका येऊन गेलाय, अक्का; परत आला नाही म्हणून कुणी बोललंच नाही.

तेव्हापासून डोकं चालत नाही. ललित रागावलेत की घाबरलेत, कळत नाही. डॉक्टरबाई म्हणतात, तुझ्यात तो दोष असेलच असं नाही. असला तरी बाळात उतरेलच असं नाही. उतरला तरी आपल्यासारखा तापापुरता राहील, किंवा भूमिकासारखा. यातून मी काय समजू? तुला सांगू की सुखानं बाळंत होऊ देऊ? ओटीभरणाला आले असते तर तुझ्या पोटाकडे बघून काय बोलले असते, माझं मलाच ठाऊक नाही.

पण भूमिकाच्या पहिल्या झटक्याला आम्ही घरी कांदा हुंगवत बसलो होतो. कारण कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

म्हणून सांगतेय. बरोबर केलं की चूक, देव जाणे. दाजींना घेऊन ये. डॉक्टरबाई तुला तपासायला तयार आहेत. मी सोबत बसेन. रागावलीस तरी ये.

तुझ्याच रक्ताची,
कामिनी