गोटीवर राज्य आलं त्याची हकिगत

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून फक्त कागदावर. प्रत्यक्षात सध्या वाकलो की सरळ करायला दोन माणसं लागतात. का, ते पुढे येईलच.) तुझी तब्येत कशी आहे? दाजींचा खोकला थांबला का, की अजूनही टीव्हीवर बातम्या लागल्या की तोही सुरू होतो? गेल्या पत्रात तू विचारलं होतंस, की निवृत्त झाल्यापासून दिवस कसा जातो. ताई, माझा दिवस जात नाही, तो माझ्या अंगावरून जातो.

तुला माहीतच आहे, मुलगी आणि जावई दोघंही नोकरीवर गेले की आमच्या गोटीला मीच सांभाळतो. नाव गोटी असलं तरी ही पोरगी कुठे घरंगळत वगैरे जात नाही. ठेवली तिथे बसते. पाच वर्षांची झाली, पण जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरणार, आणि दुसरं मूल समोर आलं की माझ्या पायामागे जाणार. शाळेतल्या बाईंना बरेच दिवस वाटत होतं की हिला बोलता येत नाही. (घरात मात्र मी झोपलो की हिला सगळं बोलता येतं.) शेवटी मुलीने तिला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी सोबत होतोच. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, गुडघ्यावर टिचकी मारून पाहिली आणि म्हणाल्या, "हिला औषधाची गरज नाही. खेळ द्या. रोज, इतर मुलांबरोबर. पडू दे, भांडू दे, आपली पाळी येईपर्यंत थांबू दे. तोल सांभाळणं आणि माणसं सांभाळणं, दोन्ही त्यातूनच येतं."

मी विचारलं, "जेवणाआधी की जेवणानंतर?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मुलगी भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे. (ती स्वतः दातांची डॉक्टर असल्याने तिला तिथे बघता आलं. मला कुठे बघावं कळेना.)

आता, ताई, सगळी हयात मी कारखान्यांमधून सुरक्षा निरीक्षक म्हणून काढली. यंत्राला जाळी आहे का, जिन्याला कठडा आहे का, हे बघण्यात केस गेले. त्यामुळे मी खेळाचा विषय गांभीर्याने घेतला. इमारतीखालच्या अंगणात जाऊन आधी पाहणी केली. घसरगुंडी बघून मी दोन पावलं मागे सरलो. तिला शेवटच नाही! माणूस वरून येतो आणि तिथल्या तिथे संपतो. मग खाली आमची जुनी गादी टाकली. वाळूच्या खड्ड्यातली वाळू पिठाच्या चाळणीने चाळली. (पुढचे काही दिवस घरात पोळ्या कचकच लागत होत्या. जावईबापूंनी एका शब्दाने तक्रार केली नाही. फार सोशिक माणूस. शिवाय दाढ भरायला घरातच सोय.) गोटीच्या डोक्यावर माझं कारखान्यातलं पिवळं शिरस्त्राण, आत टॉवेल कोंबून. कोपरांना आणि गुडघ्यांना भांडी घासायचे स्पंज, आणि कमरेला सुरक्षा दोर. दोराचं दुसरं टोक माझ्या कमरेला.

अशी आम्ही दोघं रोज संध्याकाळी अंगणात उभी राहायचो. बाकीची पोरं खेळायची, आम्ही उभे. गोटीला अपघात म्हणून झाला नाही, याचा मला अभिमान होता. एक दिवस मुलगी लवकर घरी आली, आम्हाला त्या अवस्थेत पाहिलं आणि वर आल्यावर अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, हे खेळणं नाही. ही जप्ती आहे. या महिन्यात फरक पडला नाही, तर मी तिला पाळणाघरात घालणार आहे."

ती ओरडली असती तर मी वाद घातला असता. हळू बोलली म्हणून मी घाबरलो. गोटी पाळणाघरात गेली, तर दिवसभर मी काय करू, ताई? फ्रिजची तपासणी?

दुसऱ्या दिवशी मी लाज गुंडाळून ठेवली आणि अंगणातल्या पोरांच्या म्होरक्याकडे गेलो. म्होरक्या म्हणजे सात वर्षांची एक मुलगी, पुढचे दोन्ही दात पडलेली. तिला सगळे दातपडी म्हणतात आणि तिला ते बिरूद वाटतं. मी तिला रीतसर विनंती केली, की आमच्या गोटीला खेळायला घ्यावं. तिने दोराकडे पाहिलं.

"दोरवाल्यांना घेत नाही," ती म्हणाली.

"दोर मी सोडणार नाही."

"मग तुम्ही पण या. तुम्ही कच्चा लिंबू."

ताई, ज्या माणसाने सही केली नाही म्हणून मोठमोठ्या भट्ट्या थंड पडल्या, तो माणूस कच्चा लिंबू! ज्याला बाद धरत नाहीत आणि ज्याला कोणी मोजतही नाही, तो! पण गोटीने माझा अंगठा दाबला आणि मी मान्य केलं.

खेळ होता लपाछपीचा. सुटता सुटता पहिलंच राज्य गोटीवर आलं. आता तिने भिंतीकडे तोंड करून आकडे म्हणायचे आणि आम्ही लपायचं. पण दोर कमरेला असला, तर मी कुठे आहे हे तिला ओढून कळणार, म्हणजे लबाडी. लबाडी मला चालत नाही. मी दोर सोडला. (मुलीला वाटतं तिच्या बोलण्याचा परिणाम. तो नियमाचा परिणाम होता.) लपायला पांगण्याआधी दातपडीने बजावलं, "जो लपून ओरडेल, तो कायमचा बाद. कच्चा लिंबू ओरडला तर त्याची नात पण बाद." पुढे जे काही घडलं त्याला हे कलम कारणीभूत आहे.

त्याच दिवशी तळमजल्यावरच्या शिंपीणबाई घर बदलत होत्या. अंगणात टेम्पो उभा आणि त्याच्याशेजारी त्यांचं भलंमोठं सागवानी कपाट. दाराला हवेची जाळी, बिजागऱ्या उत्तम, आत रिकामं. मी आयुष्यात इतकी सुरक्षित जागा पाहिली नव्हती. आत शिरलो, दार ओढलं, आणि बाहेरून खट्ट झालं.

मग आवाज आले. कोणीतरी कपाटाला दोरखंड गुंडाळले. हमाल म्हणाला, "बाई, रिकामं केलंय ना? भलतंच जड लागतंय."

"अस्सल साग आहे तो," शिंपीणबाई म्हणाल्या.

निवृत्तीनंतर माझ्याविषयी कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

ओरडायला हवं होतं, असं तू म्हणशील. दाजी तर म्हणतीलच. पण मी ओरडलो असतो तर गोटी कायमची बाद. पोरीला पहिल्यांदा कोणीतरी खेळायला घेतलं होतं. मी रुमाल तोंडात कोंबला. कपाट टेम्पोत आडवं पडलं आणि त्यात मी, जाळीतून आभाळ बघत. वाटेत टेम्पोचं चाक बसलं. मग हमालांनी चहा घेतला. (मला विचारलं नाही. त्यांचाही दोष नाही.) तेवढ्यात मला शिंक आली. एक हमाल दुसऱ्याला म्हणाला, "सर्दी झाली तुला." दुसरा म्हणाला, "मी कुठे शिंकलो?" पहिला म्हणाला, "मग काय कपाट शिंकलं?" यावरून त्यांची अशी जुंपली, की पुढे वाटभर ते एकमेकांशी बोलले नाहीत. त्यामुळे जिना चढताना कपाटाची वरची बाजू कुठली, हे कोणी कोणाला सांगितलं नाही. तीन मजले मी डोक्यावर उभा होतो. कमरेचं जे झालं ते तिथे झालं.

वर गेल्यावर त्यांनी कपाट सुलटं केलं, हे खरं. पण दार भिंतीकडे करून ठेवलं. हमाल गेले. शिंपीणबाई कपाटाला पाठ टेकून बसल्या आणि गुणगुणायला लागल्या. तेव्हा मात्र, खोटं कशाला बोलू, मी तोंडातला रुमाल काढला होता.

आता इकडे काय झालं ते ऐक. हे मला नंतर रखवालदाराने आणि दातपडीने, दोघांनी एकाच वेळी बोलून सांगितलं. गोटीने एकेक करत सगळ्यांना शोधून काढलं. मीच सापडेना. पोरं म्हणाली, आजोबा कंटाळून घरी गेले असतील, डाव मोडला. त्यावर आमची गोटी, जिचा आवाज त्या अंगणाने कधी ऐकला नव्हता, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझे आजोबा डाव अर्धा टाकत नाहीत." मग तिला मघाची कपाटाची जागा रिकामी दिसली. रखवालदाराकडे गेली आणि स्वतःच्या तोंडाने विचारलं. तो म्हणाला, बाई मागच्याच इमारतीत गेल्या. रस्त्याने फार वळसा, आणि फाटकाबाहेर जायची पोरांना बंदी. मध्ये मागची भिंत.

ताई, जी मुलगी पायरी उतरताना पाय टाकून बघायची, तिने शिरस्त्राण काढलं, पालथं घातलं आणि त्यावर चढली. दातपडीने खालून ढकललं, रखवालदार आधीच पलीकडे उतरला होता, त्याने तिला उतरवून घेतलं. गुडघ्यावरचा स्पंज भिंतीला अडकून तिथेच राहिला. (तो अजून तिथे आहे. मी काढू देत नाही.) सगळ्या आयांना कळवायला तिने एका पोराला माघारी धाडलं. कोणी सांगितलं नव्हतं, तिचं तिलाच सुचलं. टेम्पो वाटेत बसल्याने ही टोळी कपाटाच्या आधी पोचली, आणि थांबायचं तर नुसतं का थांबायचं, म्हणून तिथल्या पोरांबरोबर खेळत बसली. तोवर कपाट वर गेलं, आणि मागोमाग दोन इमारतींची पोरं.

"मावशी, तुमच्या कपाटात माझे आजोबा आहेत," मला आतून ऐकू आलं.

"असतील हो," शिंपीणबाई हसत म्हणाल्या.

"मी आहे," मी म्हणालो.

शिंपीणबाई किंचाळल्या, ते तुमच्या गावापर्यंत आलं असेल. पण गोटी घाबरली नाही. "सगळे एका बाजूला! मी तीन म्हटलं की ढकला," तिची ऑर्डर सुटली. अस्सल सागाचं कपाट दुधाचे दात पडलेल्या लोकांनी फिरवलं. शिंपीणबाईंनी कात्रीने दोर कापला, दार उघडलं, आणि मी पोत्यासारखा गोटीच्या अंगावर आलो.

"आजोबा इस्टॉप!" गोटी ओरडली.

"नाही! धप्पा!" दातपडी तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडली. "आजोबांचा हात आधी पाठीवर पडला. राज्य परत गोटीवर!"

मग जे भांडण झालं, ताई! गोटी भांडली. पाय आपटून, बोट नाचवून, नाकाला नाक लावून भांडली. मी जमिनीवर आडवा पडून ते बघत होतो आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. (थोड्या कमरेमुळेही.) शेवटी दातपडी म्हणाली, आजोबांनाच विचारा, ते खोटं बोलत नाहीत. सगळे माझ्याकडे वळले. गोटीही. तिच्या खेळासाठी ज्याने तासन्‌तास तोंडात रुमाल धरला, त्याने आता तिच्या विरुद्ध साक्ष द्यायची! मी खूप विचार केला. पण माझा हात तिच्या पाठीवर खरंच आधी पडला होता.

"धप्पा होता," मी म्हणालो.

गोटीचे ओठ थरथरले. मला वाटलं, झालं, आता माझ्या पायामागे. पण तिने नाक पुसलं, शिंपीणबाईंच्या नव्या घराच्या भिंतीकडे तोंड केलं आणि आकडे म्हणायला लागली. पोरं चारी दिशांना पांगली. शिंपीणबाई पडद्यामागे गेल्या. मला हलता येत नव्हतं म्हणून माझ्यावर चादर टाकली.

मुलगी दवाखान्यातून पांढऱ्या कोटातच धावत आली, तेव्हा गोटी, गुडघा फुटलेला, फ्रॉक फाटलेला, जिन्यावर उभी राहून परक्या इमारतीतल्या पोरांना डावाचे नियम समजावत होती. मुलगी मला बोलायला आली होती, ते राहूनच गेलं. मग ती पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता कधी रडायला लागली, ते तिचं तिलाही कळलं नाही. पाळणाघराचं नाव त्यानंतर घरात निघालेलं नाही.

तर असं आहे. दाजींना नमस्कार. उत्तर लिही.

तुझा,
धाकटा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. दर रविवारी आता आमच्या इमारतीचा मागच्या इमारतीशी सामना असतो. त्यांच्याकडे एक आजी आहे. बाई लंगडीत अख्खा डाव एका पायावर काढते. आमच्याकडे त्या वयात फक्त मी, आणि माझी कंबर तुला माहीत आहे. तू पुढच्या आठवड्यात ये. प्रकृतीला हवापालट म्हणून ये, असं दाजींना सांग.

ता. क. दुसरा : दाजींना आणू नकोस. ते हरले की जेवत नाहीत.

ता. क. तिसरा : अक्षर वाकडं आलं आहे ते समजून घे. हे पत्र मी आमच्या पलंगाखालून लिहितो आहे. शेजारी गोटी आहे. आज सकाळी राज्य तिच्या आईवर आलं आणि ती इतकी वाईट शोधते, की एवढं लांबलचक पत्र लिहून झालं. ती तुला फोन करून विचारेल, बाबा कुठे आहेत. तुला काहीही माहीत नाही. आता थांबतो, गोटी म्हणते, तुमच्या पेनाचा आवाज होतो