चाळणीचे ब्रेक आणि आप्पांची सीट

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (मोठ्या भावाला घालायचा असतो म्हणून घातला. आठ अंगांपैकी एकही अंग या वेळी मनापासून टेकलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.) तुझी कंबर कशी आहे? वहिनीचा गुडघा काय म्हणतो? कंबर दुखत असेल तर हे पत्र बसून वाच. दुखत नसेल तर उभ्याने वाच, तेवढीच शिक्षा. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे तुझे मेहुणे आणि आप्पा. माझं विचारू नकोस. फोन मुद्दामच केला नाही, कारण फोनवर मी 'ब्रेक' एवढंच म्हणते आणि तू 'हां, तर त्याचं असं आहे' म्हणून जो सुरू होतोस तो माझी बॅटरी संपेपर्यंत. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही. आता मुकाट्याने ऐक.

तू मला ती लाल गाडी विकलीस तेव्हा काय काय म्हणाला होतास ते आठव. इंजिन लोण्यासारखं आहे, टायर नवे आहेत, तेलपाणी सगळं बदललंय, आणि केवळ तू बहीण आहेस म्हणून हा त्याग करतोय. (खरं म्हणजे वहिनीने 'घरात ही गाडी राहील नाहीतर मी' असं सांगितलं होतं. ती मला सगळं सांगते.) तरी मी गाडी घेतली, कारण ती मला मनापासून आवडली. आणि दुसरं कारण तुला ठाऊक आहे. आप्पांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या सीटपुढे त्यांचं स्वतःचं ब्रेकचं पेडल होतं आणि आपण दोघं त्याच्याच धाकात शिकलो. (ते पेडल सध्या तुझ्या हॉलच्या दाराला अडकण म्हणून आहे, त्याबद्दल मी इथे काही बोलत नाही.) निवृत्त झाले तरी आप्पा कुणाच्याही गाडीत पुढेच बसतात आणि प्रत्येक वळणाआधी त्यांचा उजवा पाय समोरची जमीन दाबतो. तुझ्या गाडीत तर ते दोन्ही पाय दाबून बसायचे. माझ्या गाडीत मात्र ते दाबणं हळूहळू कमी होत होतं. हल्ली सरळ रस्त्यावर ते चक्क पायावर पाय टाकून खिडकीबाहेर बघायचे. आयुष्यात मला त्यांच्याकडून शाबासकी अशी कधी मिळाली नाही. हीच ती.

मग आत्याला भेटून डोंगरावरून उतरत होतो. उतार लांब, वळणावर वळण, आणि मी जरा रंगात. अर्ध्या उतारावर जळका वास यायला लागला आणि पुढच्या वळणावर ब्रेक दाबला तर पाय उशीवर ठेवावा तसा आत गेला. पुढे दुधाचा टँकर. गिअर पाडले, हँडब्रेक ओढला, नको नको ते सगळं केलं, आणि गाडी अशी थांबली की टँकरच्या मागे लिहिलेल्या 'सुरक्षित अंतर ठेवा' मधलं 'सुरक्षित' माझ्या बॉनेटच्या बरोबर वर होतं. आप्पांनी पट्टा सोडला. दार उघडून उतरले, गाडीला एक फेरी मारली आणि मागचं दार उघडून मागे बसले. दादा, आप्पा मागे बसले! मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तरी चाललं असतं. त्या दिवसापासून ते माझ्या गाडीत मागेच बसतात, भाड्याने गाडी केल्यासारखे, आणि कुठे उतरायचं तेही नम्रपणे सांगतात.

त्या दिवशी मी तुला रडत फोन केला, ही माझी घोडचूक. डिस्क, तू म्हणालास. गाडी जोरकस आहे, मूळच्या डिस्क साध्या आहेत, तापणारच. भोकांच्या डिस्क घाल, भोकांतून वारा खेळतो. दुकानदार म्हणाला, भोकं नकोत, तिथून तडे जातात, खाचांच्या घ्या. आणि आमचा गॅरेजवाला (त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून फिरतो आणि इंजिनाला लावून डोळे मिटतो) म्हणाला, ताई, वाद कशाला, भोकंही घ्या आणि खाचाही घ्या, आणि घेताच आहात तर मोठ्या मापाच्या घ्या. तिघांचंही ऐकलं. डब्यातून काढल्यावर तुझ्या मेहुण्यांनी एक उजेडाला धरली आणि विचारलं की ही चाळणी आहे की किसणी. मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या सगळ्यांत अक्कल त्यांनाच होती.

मोठी डिस्क बसवायची तर तिला चिमट्यात धरणारा कॅलिपर बाहेर सरकवायला हवा, म्हणून त्याला धरायला नव्या पट्ट्या. कॅलिपर बाहेर आला तर तो चाकाला आतून घासतो, म्हणून मोठी चाकं. चाकं मोठी म्हणून टायर नवे (तुझे 'नवे' टायर काढताना डॉक्टर हसला, ते वेगळं). आणि एवढं झाल्यावर डिकीतलं जादा चाक पुढे कुठेच बसत नाही, म्हणजे पुढचं चाक पंक्चर झालं तर ते जादा चाक मी मांडीवर घेऊन बसायचं. मी दिवसभर लॅबमध्ये दातांच्या कवळ्या घासते, दादा. कवळी बसली नाही तर आम्ही कवळी घासतो. माणसाला जबडा बदलून या म्हणत नाही! पण हे मी डॉक्टरला म्हटलं तर त्याने स्टेथोस्कोप कानाला लावला.

आता तुझा खास सल्ला. नव्या डिस्क आणि त्यांना दाबणारे नवे पॅड एकमेकांना सरावले पाहिजेत, म्हणून मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, करकचून ब्रेक मारायचा, पण पूर्ण थांबायचं नाही. परत वेग, परत ब्रेक. आणि शेवटी डिस्क गार होईपर्यंत गाडी फिरवत राहायची. काही झालं तरी थांबायचं नाही, हे तू मला तीनदा बजावलंस. गोदामांच्या मागच्या सरळ रस्त्यावर मी सकाळी हे व्रत सुरू केलं. पळायचं, खच्चून दाबायचं, पळायचं, खच्चून दाबायचं. खाचांमुळे दर वेळी गाडी अशी घरघरायची की गोदामाचे पहारेकरी बाहेर येऊन ओळीने उभे राहिले. शेवटचा ब्रेक मारून मी नुकतीच गार करायला निघाले तोच मागून मोटरसायकलवर पोलीस. थांबा, थांबा, असा हात. मी काच खाली करून सगळ्या जगाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "ब्रेक एकदम चांगले आहेत, म्हणूनच थांबत नाहीये!" हे वाक्य मी पोलिसाला म्हटलं, दादा, तुझ्यामुळे, या वयात. तो बिचारा शेजारी मोटरसायकल चालवत माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने गाडी पुढे आडवी घातली आणि मला थांबावं लागलं. तेही गोदामांपुढच्या उतारावर. पाय ब्रेकवर दाबून. त्याने माझं सगळं नीट ऐकून घेतलं, मला फुंकर मारायला लावली, आणि मग त्याच्या भावाकडे कुठली गाडी आहे ते सांगत बसला. (त्याच्या भावालाही भोकांच्या घालायच्या आहेत. तुझा नंबर दिलाय.) तोवर तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटला तो चिकटलाच. तेव्हापासून ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं, माझ्या हातासकट आणि कानातल्यांसकट. आणि वर ऐक. परत येताना पेडल पुन्हा तसंच उशीसारखं आत गेलं.

म्हणजे डिस्क बदलून ढिम्म फरक नाही! मी तडक गॅरेजात गेले, डॉक्टरला काही न विचारता बॉनेट उघडलं आणि ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण फिरवलं. आत काळा कुळकुळीत चहा. ते तेल हवेतलं पाणी ओढतं, जुनं झालं की तापल्यावर उकळतं आणि पेडल पोकळ होतं. हे गाडीबरोबरच्या पुस्तकात पहिल्या काही पानांतच लिहिलंय, ज्या पुस्तकाचं प्लास्टिकचं वेष्टण तू अजून फोडलेलं नव्हतंस. तेलपाणी सगळं बदललंय म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. डॉक्टरला विचारलं, तुम्ही बघितलं का नाही? तो म्हणाला, ताई, तुम्ही डिस्कचं सांगितलं होतंत, तेलाला मला वाटलं तुमचा दुसरा कोणी असेल. त्याच्यावर मी ओरडलेच, पण त्याने मला गाडी 'बहीण आहेस म्हणून' विकली नव्हती.

आता सगळं काढून टाकलंय. नवं तेल, चांगले पॅड, मूळ मापाच्या साध्या सपाट डिस्क, जुनी चाकं. परवा एकटीने आत्याच्या डोंगरावरून पूर्ण उतार उतरले. पेडल दगडासारखं घट्ट, वास नाही, थरथर नाही. खाली येऊन मी गाडी बाजूला घेतली आणि थोडी रडले. घरी येऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, छान म्हणाले, आणि संध्याकाळी फिरायला निघालो तर शांतपणे मागचं दार उघडलं. याचा राग आलाय मला, दादा. डिस्कचा नाही, डॉक्टरचा नाही. तुझा आहे, आणि तो राहणार, पण तोही नंतर. माझ्या शेजारची सीट रिकामी घेऊन मला गाडी चालवता येत नाही.

वहिनीला नमस्कार. तिला म्हणावं, तेव्हा तिने गाडीला आणि तुला, दोघांनाही घालवायला हवं होतं.

तुझी (नाइलाजाने) धाकटी बहीण

ता. क. : भोकंवाल्या दोन्ही डिस्क वेगळ्या पार्सलने पाठवल्या आहेत. पार्सल उचलताना कमरेला जप. एक तुझ्या हॉलच्या दाराला लाव. वजन भरपूर आहे, दार तरी थांबेल.

ता. क. २ : दाराला दुसरं काही का लावायचं, असं विचारशील. कारण आप्पांचं पेडल मला हवंय, आणि त्याचसाठी एवढं पत्र लिहिलं. काल वळणाआधी मला पाठीत काहीतरी टोचलं. पुढच्या वळणाआधी परत. आप्पा मागून माझ्या सीटला पाय लावून ब्रेक दाबत होते. डॉक्टर म्हणतो, माझ्या शेजारच्या सीटपुढे ते पेडल बसवता येईल. नुसतं दिसायला बसवू की खरं जोडू, असं त्याने विचारलं. तुझे मेहुणे म्हणाले, नुसतंच बसवा, म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय. मी सांगितलं, खरं जोडा. खोटं असलं तर आप्पांच्या पायाला पहिल्याच वळणावर कळेल. आणि त्या उतारावर माझ्याकडे खरंच एक ब्रेक कमी होता.