बंद घराचं रीडिंग

१ ऑक्टोबर, मंगळवार

आलो एकदाचे मढला. आई, मी, दोन पेट्या आणि आईचं ऑक्सिजनचं मशीन. वर्सोव्याच्या बोटीत मी ते दोन्ही पायांत घट्ट धरून बसले होते. बोटवाल्याने विचारलं, कसली मशीन आहे? आई लगेच म्हणाली, माझी छाती आहे ती, पाण्यात पाडू नकोस. बोटभर हशा.

गिरणगावात बावीस वर्षं खानावळ चालवली तिने, स्टोव्ह आणि शेगडीच्या धुरात. तो सगळा धूर अजून तिच्या छातीत आहे. डॉक्टर म्हणाले, घाटकोपरच्या धुळीपेक्षा समुद्राजवळ ठेवा. नेमकी तेव्हाच मला इथल्या मीटर वाचायच्या कामाची नेमणूक मिळाली. कंत्राटी असली म्हणून काय झालं, देव पावला असंच समजायचं.

सुगंधाताईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने मिळाल्यात. त्या मासळी विकतात, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. त्यांनी पहिल्याच दिवशी इथले कायदे सांगितले. पाइपचा गॅस खाडीच्या पलीकडेच राहिला, इथे सिलिंडर. गाडी मंगळवारी येते, चुकली की आठवडाभर शेजारणीपुढे हात पसरायचे. वीज एकाच बाजूने येते आणि आपण तिच्या शेवटच्या टोकाला. पण जात नाही सहसा. मशीनसाठी मला तेवढंच हवं होतं.

आईच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. ऑक्सिजन ९४. घाटकोपरला दादाकडे कधी ९२च्या वर गेला नव्हता. आई खिडकीत बसून म्हणाली, "माका हय बरां वाटता गो चेडवा." मलाही.

३ ऑक्टोबर, गुरुवार

आज मधुकररावांनी सगळा भाग फिरवून दाखवला. बारा वर्षं इथले मीटर वाचून आता ते गावी निघालेत. एकटेच राहतात. माणूस सज्जन, पण हसायला बहुतेक वरून परवानगी आणावी लागत असावी.

काम सोपं आहे. मीटरचा फोटो मोबाइलच्या अॅपमध्ये टाकायचा, आकडा लिहायचा, पुढे चालायचं. मागच्या महिन्यापेक्षा कमी आकडा अॅप घेत नाही, म्हणून जास्त लिहू नकोस, एकदा लिहिलं की वाट लागली, हे त्यांनी तीनदा बजावलं.

किल्ल्याच्या रस्त्याला एक बंगला आहे. बाकीचे बंगले शूटिंगला जातात, ह्याला कोणी घेत नाही. फाटकाला साखळी. मधुकररावांनी फाटकाशी थांबून पाकिटातून एक लॅमिनेट केलेला फोटो काढला. मीटरचाच. आकडा ४१८७३. त्या फोटोचा त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, तोच आकडा लिहिला, "बंद घर"वर टिचकी मारली आणि चालायला लागले. मला हसू आवरेना. किती वर्षं चाललंय हे, विचारलं. दहा, म्हणाले. फोटो माझ्या हातात दिला आणि सांगितलं की फाटकाच्या आत जाऊ नकोस, आकडा तोच लिहीत जा. मी तोंडावर हो म्हटलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

मला असली कामचुकारपणाची कामं जमत नाहीत, हा माझा जुना रोग. एक पोळी जास्त खाल्ली तरी जेवणाऱ्याने आपणहून सांगायचं, असं शिकवणाऱ्या बाईची मी मुलगी. आज कुंपणाच्या भगदाडातून बंगल्यात शिरले.

मीटर मागच्या भिंतीवर, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. जुना, चकतीचा. खांबावरून येणारी वायर कधीचीच कापलेली, टोकाला काळी पट्टी गुंडाळलेली. आणि तरी चकती फिरत होती. अगदी हळू, जेवून झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी. आकडा ४१८८०.

सात युनिट. मला वाटलं, कोणीतरी चोरून दुसरीकडून वायर ओढली असणार. नव्या मुलीने पहिल्याच आठवड्यात वीजचोर पकडला तर कंत्राट पक्कं होईल, असाही विचार आला, खोटं कशाला बोलू. खरा फोटो टाकला, खरा आकडा लिहिला. अॅपमध्ये "बंद घर" गेलं आणि "वापर चालू" असं आलं. खाली वाचणाऱ्याचं नाव: दीप्ती. बरं वाटलं.

९ ऑक्टोबर, बुधवार

सुगंधाताईंचा सिलिंडर काल लावला आणि आज संपला. गल्लीत सहा घरांत हेच. सिलिंडरवाल्याला बोलावून शिव्यांची लाखोली वाहून झाली. त्याने काटा आणून भरलेले सिलिंडर सगळ्यांसमोर तोलून दाखवले. वजन बरोबर. तेच सिलिंडर संध्याकाळपर्यंत रिकामे.

आमचा पंखाही जड झाल्यासारखा फिरतोय. आईचं मशीन दोनदा ओरडलं. ऑक्सिजन ९२. मी तिला म्हटलं, टोकाची वीज आहे, होतं असं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

लाइनमन मिथुन आला होता. खांबावर तपासलं, दाब पूर्ण. सगळ्या गावाचा वापर उलट मागच्या महिन्यापेक्षा कमी. "कागदावर सगळं झकास आहे," म्हणाला. मी म्हटलं चल, तुला चोर दाखवते, आणि बंगल्यात नेलं.

आकडा ४१९५२. चार दिवसांत बहात्तर. चकती आता चांगली पळत होती. मिथुनने मीटरचं खालचं झाकण उघडलं. आत एकही वायर नव्हती. ना येणारी, ना जाणारी. त्याने बोट घालून चाचपलं आणि झटकन बाहेर काढलं. मग ते बोट पँटला पुसत राहिला. बसस्टॉपवर म्हणाला, "दीप्ती, हात गरमच होत नाही यार." ऑक्टोबरचं ऊन, माझ्या पाठीवरून घामाच्या धारा, आणि तो हात काखेत दाबून उभा.

१२ ऑक्टोबर, दसरा

सुगंधाताईंचे सासरे गेले. भर बारा वाजता जाळ्यांच्या ढिगावर उन्हात बसले होते, अंगावर दोन घोंगड्या. थंडी वाजते म्हणत होते. ताई चहा घेऊन गेल्या तर संपलं होतं. मीही हात लावला. आजवर इतकं गार काही हाताला लागलं नव्हतं.

आई स्वेटर घालून बसलीय. ऑक्सिजन ८९.

तिथून सरळ बंगल्यावर गेले. ४२०३०. मला भीती वाटतेय, आणि कशाची ते अजून लिहवत नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

मधुकररावांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, किती लिहिलंस? सात, म्हटलं. मग म्हणाले, मी तीन लिहिले होते.

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. त्या घरात वापर आहे असं आपण लिहून दिलं की त्याला पुरवठा करावाच लागतो. वायर नसली की ते मिळेल तिथून घेतं. आधी चुलींतून. मग म्हाताऱ्यांतून. मग ज्याने लिहिलं त्याच्या घरच्यांतून. त्यांची बायको गेली, मग दोन मुली. घरात घेण्यासारखं कोणी उरलं नाही तेव्हा चकती आपोआप थांबली, ४१८७३ वर. म्हणून तो फोटो. नवं माणूस आलं की ती आपणहून थोडी फिरून दाखवते, कोणी लिहावं म्हणून.

मी ओरडले त्यांच्यावर. आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, सांगितलं असतं तर तू बघायला गेली असतीस.

गेलेच असते.

१४ ऑक्टोबर, सोमवार

सकाळपासून जुना आकडा भरतेय. अॅप घेत नाही. ऑफिसला फोन केला. म्हणाले, कमी रीडिंग भरता येत नाही, आणि वापर चालू असलेलं घर बंद दाखवता येत नाही. पुरवठा तोडा म्हटलं. म्हणाले, मॅडम, आमच्याकडे तो आधीच तोडलेला आहे.

मिथुन आयसीयूत. त्याच्या घरच्यांनी कळवलं, अंग गार पडलंय, डॉक्टरांना कळत नाही.

आई ८७. उद्या तिला घाटकोपरला दादाकडे नेते. तिथे पाइपचा गॅस आहे, मोठी लाइन आहे, हजारो घरं आहेत.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

नीलमवहिनीने दार उघडलं. मागे ओट्यावर कुकर होता. मी उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि बर्नरची ज्योत बसली. निळा ठिपका राहिला. वहिनी म्हणाली, आज काय झालं गॅसला?

दादाची छोटी येऊन मला बिलगली. दोन मिनिटांत तिचे दात वाजायला लागले.

मी जिन्यात जाऊन उभी राहिले. आतून वहिनीचा आवाज, आला गं गॅस.

म्हणजे मी. मी जिथे जाईन तिथे. आईला तिथेच ठेवून निघाले. ती म्हणाली, "इतक्यात खय चललंस?" काम आहे म्हटलं. तिच्याकडे बघितलं नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

उपयोग नाही. छोटी बरी आहे. आई नाही. ८५. मी दूर आले तरी तिचं चालूच आहे.

बंगल्यावर उभी राहून वहिनीला व्हिडिओ कॉल लावला. आईच्या बोटाचा चिमटा दाखव म्हटलं. एका डोळ्याने तो, एका डोळ्याने चकती. चकतीला लाल खूण आहे. ती दहादा समोरून गेली — ८४. पुन्हा दहादा — ८३. वहिनी रडत होती. दादा म्हणतो हॉस्पिटलात हलवतो. हलव. तिथेही —

दादाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू झोप जरा.

१७ ऑक्टोबर, गुरुवार, दुपार

दगडाने मीटरची काच फोडली. दुसरं काही सुचेना.

चकतीवर बोट ठेवलं. थांबली.

वहिनी फोनवर आहे, हॉस्पिटलातून. ८१. ८४. ८८. डॉक्टर म्हणाले, औषध लागू पडलं. पडू दे. आईने चहा मागितला. मी इथे भिंतीला टेकून हमसून हमसून रडले.

बोट उचलून बघितलं, एकदाच. वहिनी किंचाळली.

आता उचलणार नाही.

दुपार, नंतर

डाव्या हाताने लिहितेय, वाचता आलं नाही तर माफ करा. मघाशी बोट उचललं तेव्हाच लाकडाची ढलपी अडकवून बघितली — चकती तिला जुमानत नाही. खडा — नाही. फक्त बोट. माझंच.

बोट पांढरं झालंय. आता मनगट. दुखत नाही, हेच वाईट.

आई ९१. बोलली माझ्याशी. जेवलंस काय, विचारलं. मी म्हटलं, जेवले. तू काय जेवलीस? पेज, म्हणाली. मीठ कमी होतं म्हणे. तक्रार करतेय म्हणजे बरी आहे.

फोन ४ टक्के.

सुगंधाताईंना मीच सांगून ठेवलंय, इकडे फिरकू नका. नाही तर त्यांचंही —

किती दिवस धरू? कोणी सांगा — किती —

संध्याकाळ

फोन गेला. शेवटचा आकडा ९३. नक्की ९३. वहिनीनेच सांगितला.

कोपरापर्यंत काही कळत नाही. हात आहे, दिसतोय. चकतीवरच आहे. पण लागत नाही बोटाला — ती आहे की नाही —

थांबलीय. थांबलीच असणार. मी दाबून धरलंय ना. दाबलंय का —

उजेड कमी होतोय. नीट बघायला हवं. मघाशी लाल खूण माझ्या बोटाखाली होती. आता ती