दुर्बिणीच्या स्क्रूवरची पांढरी रेघ

शनिवार, २५ नोव्हेंबर

डावीकडे नऊ इंच! एकदा नव्हे, पाचही वेळा!

पन्नास यार्डांवर, वाळूच्या पोत्यांवर बंदूक टेकवून, वारा अजिबात नसताना. पाचही भोकं एका बशीत मावतील इतकी जवळजवळ, आणि सगळी नेमासाठी लावलेल्या कागदी ताटलीच्या बाहेर. म्हणजे माझा हात स्थिर आहे, डोळा ठीक आहे. बिघाड बंदुकीत आहे, आणि तो कुणीतरी केलेला आहे.

घरी येऊन भिंगातून पाहिलं. बंदुकीवर बसवलेल्या दुर्बिणीच्या सहाही स्क्रूंवर, माथ्यापासून खालच्या कड्यापर्यंत, मी नेलपॉलिशची बारीक पांढरी रेघ ओढलेली असते. (बाटली बायकोची, मार्लाची, विचारून घेतलेली.) स्क्रू जागचा हलला नाही तर रेघ अखंड दिसते. सहापैकी चार रेघा तुटल्या आहेत. नळी धरून ठेवणारी पुढची टोपी पाव आटा जास्त पिळलेली. आणि नळीच्या आत पाहावं तर आरशासारखी लख्ख!

कुणीतरी साफ केली आहे!

बंदूक साफ करायला दुर्बीण काढावी लागत नाही. नळीही काढावी लागत नाही. बंदूक उलटी ठेवायची, म्हणजे तेल दुर्बिणीकडे ओघळत नाही. दुर्बिणीला कोरडं फडकं गुंडाळायचं. साफ करायची दोरी मागून आत सोडायची, पुढून ओढून घ्यायची. तीनदा ओली, दोनदा कोरडी. शेवटी तेलाचा नुसता हात. मग मैदानावर दोन बार काढायचे, कारण धुतलेल्या नळीतून पहिली गोळी कधीच खरी जात नाही. हे सगळं बाबांनी मला बाराव्या वर्षी शिकवलं. स्क्रूला हात लावलास तर हात तोडीन, असं म्हणाले होते, आणि ते काही थट्टेने म्हणाले नव्हते.

नऊ इंच म्हणजे काय, हे ज्याने केलं त्याला कळतं का? नऊ इंच म्हणजे पोटात गोळी घेऊन दोन मैल चालत गेलेलं हरीण. दोन वर्षांपूर्वी आमच्या शिकारीच्या टोळीतल्या ड्वेनच्या हातून तसं झालं. अंधार पडेपर्यंत आम्ही आठ जण रक्ताचे थेंब शोधत होतो. मिळालं नाही ते.

ज्याने हे प्रेमाने केलं असेल, त्याने आपलं प्रेम आपल्या घरी ठेवावं.

रविवार, २६ नोव्हेंबर

प्रभूचा दिवस. बंदुकीला हात लावायचा नाही. रागाला मात्र सुट्टी नव्हती.

सकाळच्या प्रार्थनेनंतर सगळे नेहमीप्रमाणे आमच्याकडे कॉफीला. प्रवचनभर मी एकच हिशेब जुळवत होतो: गुरुवारी, सणाच्या जेवणाच्या दिवशी, तळघरात कोण गेलं होतं? लोवेल. मार्लाचा भाऊ. घडीच्या खुर्च्या आणायला म्हणून गेला आणि वर आला तेव्हा त्याच्या हातांना बंदूक धुण्याच्या औषधाचा वास येत होता. मी तेव्हा लक्ष दिलं नाही, ही माझी चूक.

स्वयंपाकघरात गाठला त्याला.

"खुर्च्या आणायला वीस मिनिटं लागतात?"

"पंधरा. तू काय घड्याळ लावून बसला होतास, व्हर्लिन?"

"बंदुकीला हात लावलास का? सरळ सांग."

त्याने माझ्या खांद्यावरून पुढच्या खोलीत पाहिलं. तिथे बाबा डोलखुर्चीत बदामाच्या केकचा तुकडा बशीत घेऊन बसले होते.

"लावला," म्हणाला. "साफ केली. घाण झाली होती."

"घाण? माझी बंदूक?"

"मग काय, तिला चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसवायची आता?"

बाहेरून बाबांचा आवाज आला, "काय आरडाओरडा चाललाय रे? कॉफी संपली का?"

मी लोवेलला सांगितलं: यंदा टोळीत तू नाहीस. यादी मी करतो, नाव मी खोडलं. एकोणीस वर्षं हा माणूस आमच्याबरोबर शिकारीला येतो आहे. भांडेल, निदान माफी मागेल असं वाटलं होतं. "बरं," एवढंच म्हणाला, आणि टोपी उचलून गेला.

बरं! म्हणजे काय, बरं?

सोमवार, २७ नोव्हेंबर

मार्ला बोलत नाही. सबंध दिवसात एक वाक्य: "सहा स्क्रूंसाठी माझा भाऊ?"

स्क्रूंसाठी नाही! खोलीभर माणसं असताना चोरून खाली जायचं आणि दुसऱ्याची वस्तू उघडायची, त्यासाठी. यात न कळण्यासारखं काय आहे?

मंगळवार, २८ नोव्हेंबर

शेतकरी सहकारी सोसायटीच्या कचेरीतून अर्धा दिवस रजा. नेम पुन्हा लावला. चौदा काडतुसं लागली. शेवटच्या तीन गोळ्या ताटलीच्या मधोमध, एकमेकींना चिकटून. सहाही स्क्रूंवर नव्या रेघा. पुढच्या टोपीवर एक जास्तीची.

बाबांना सांगितलं, नेम बसला. म्हणाले, "कुणाचा?" मला हसू आलं. आठवड्यात पहिल्यांदा.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

रेघा पुन्हा तुटल्या. सहाच्या सहा!!

लोवेल रविवारपासून या घरात आलेला नाही. मार्लाला विचारलं, बंदुकीच्या कपाटाची किल्ली त्याला दिलीस का? "मलाही यादीतून खोड," म्हणाली आणि दार लावून घेतलं. किल्ली तळघरात, घर तापवायच्या भट्टीमागच्या खिळ्यावर असते. चाळीस वर्षं तिथेच आहे. घरच्या माणसांशिवाय कुणाला—

उद्या दुपारी न सांगता घरी येणार आहे. रंगेहाथ पकडीन.

शुक्रवार, १ डिसेंबर

बाराला घरी आलो. तळघराच्या जिन्यावरच औषधाचा वास आला.

बाबा कामाच्या टेबलाशी बसले होते. जुना सदरा अंथरलेला. त्यावर दुर्बीण, नळी, कडी आणि सहा स्क्रू एका ओळीत, ज्या क्रमाने काढले त्या क्रमाने. माझ्यापेक्षा नीट. एक स्तोत्र गुणगुणत होते. हात जराही थरथरत नव्हते. मी काय काय ओरडायचं ते गाडीत ठरवून आलो होतो.

"हंगामाआधीचा गुरुवार," वर न बघता म्हणाले. "बंदूक साफ करायची असते."

"आज शुक्रवार आहे."

"मग काल कशी केली नाही मी?"

मी जिना उतरून पुढे झालो. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि दाराकडे बघत आवाज खाली आणून म्हणाले, "लोवेल, व्हर्लिनला सांगू नकोस हं. तो फार चिडतो."

मी म्हटलं, नाही सांगणार.

नंतर लोवेलला फोन केला. तू बोलला का नाहीस, विचारलं. "त्यांनी नको म्हटलं होतं," तो म्हणाला. मग, "मी खाली गेलो तेव्हा ते सगळं उघडून बसले होते. पुन्हा जोडायला मदत केली, इतकंच. तसा मीही जोडण्यात ढच आहे, व्हर्लिन."

नाव पुन्हा लिहिलं. शाईने.

नेम लावायला आता वेळ नाही.

शनिवार, २ डिसेंबर

उजाडताना ड्वेनच्या अंगणात सगळे. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने ताटलीवर एक गोळी झाडायची. ज्याची चुकेल त्याने बंदूक घेऊन आपल्या जागी उभं राहायचं नाही, हरणं उठवायला मक्यातून हाकारे घालत चालायचं. माझी चुकणार हे मला ठाऊक होतं. झाडली. ताटली हलली नाही.

"दुर्बीण कुणी काढली होती?" बाबा गरजले. लोवेलने तोंड उघडलं.

"मी काढली, बाबा," मी म्हटलं. "साफ करायला."

आठ जणांसमोर त्यांनी मला जे झाडलं! बाराव्या वर्षी झाडलं होतं त्याच आवाजात, त्याच शब्दांत, हात तोडण्यासकट. एक शब्दही विसरले नव्हते. मी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग बाबांनी माझ्या हातातून बंदूक हिसकावून घेतली, "तुझ्यावर भरवसाच नाही," म्हणाले आणि ओढ्याच्या वळणाकडे, माझ्या जागेकडे, ताठ चालत गेले. लोवेल बसायला दोन बादल्या उचलून त्यांच्या मागोमाग.

मी मक्यात शिरलो. काडतुसं माझ्या खिशात होती. सगळी.