अण्णाच्या गाडीचा धुराचा डबा

लातूर, १४ नोव्हेंबर २०२४.
सकाळी नळाला पाणी आलं. अकरा वाजता अण्णाची गाडी पीयूसीत पास झाली. मग जेवलो.

प्रिय व्यंकटी यास सिद्धेश्वरचा शरणार्थ. तुझा गुडघा कसा आहे? देगलूरची थंडी त्याला मानवत नसेल. अण्णाला जाऊन तीन महिने झाले. वहिनी आता दोन घास जेवतात.

रविवारी तू गाडी न्यायला येणार म्हणून पीयूसी काढायला गेलो आणि अडकलो. चोवीस वर्षांची ती दोन दारांची लाल स्पोर्ट्स गाडी (अण्णा तिला ‘आपली घोडी’ म्हणायचा, वहिनी ‘तुमची ती’), यंत्राची नळी लावली की आकडा वरच जायचा. आनंदराज मिस्त्री गाडीखाली सरकला आणि तिथूनच म्हणाला, “काका, धूर साफ करायचा डबाच न्हाई हिला. नुसता पाइप हाय.” पुस्तकात त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. आवाज दणदणीत यावा म्हणून अण्णानेच तो काढला होता (तेव्हा पाना तुझ्या हातात होता, असं आनंदराज म्हणतो. मी विश्वास ठेवलेला नाही).

डबा सापडला वहिनींच्या कपाटात, धुतलेल्या कापडात. अण्णाने किमती वस्तू म्हणून जपलेला, आणि वहिनी दर खंडेनवमीला हत्यारांसोबत त्याचीही पूजा करायच्या. “पूजेचं हाय ते, गाडीखाली लावता?” म्हणाल्या. मी म्हणालो, वहिनी, ते गाडीचंच आहे. आठ वर्षांचं हळदीकुंकू आतल्या बारीक जाळीत बसलेलं. आनंदराजने हवा मारली आणि स्वतःच पिवळा झाला. डबा तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून औशापर्यंत जाऊन आलो. वाटभर कापराचा वास. पीयूसीवाल्याने नळी घातली तर दोन भाजलेल्या अक्षता बाहेर पडल्या. त्याने आधी चप्पल काढली, मग आकडा बघितला.

घरी आलो तेव्हा वहिनी पाठमोऱ्या भांडी लावत होत्या. पूर्वी गाडी चौकात असतानाच त्या तवा ठेवायच्या. “कधी आलात? आवाजच न्हाई आला.” मी म्हणालो, डबा बसवला. “बरं झालं,” म्हणाल्या, आणि हातातलं ताट तसंच धरून उभ्या राहिल्या.

तुझा,
सिद्धेश्वर

ता.क. रविवारी जरूर ये, पण गाडी न्यायला नको. गाडी द्यायचा तुला दिलेला शब्द मी मोडतोय. येताना तो पानाही आण, डबा परत काढू. आणि मला चालवायला शिकव. औशालाही मी आनंदराजच्या शेजारीच बसून गेलो होतो. बावन्नाव्या वर्षी तेवढंच येतं.

आणखी एक. वहिनींना यातलं काही सांगितलेलं नाही. पत्र पेटीत टाकायला पायीच निघालोय.